गाडी थंड होईपर्यंत

टक्.

एवढाच आवाज आला. तिनं किल्ली पुन्हा फिरवली. पुन्हा टक्. दिवे लागत होते, हॉर्न वाजत होता, पण इंजिन काही केल्या हूं की चूं करेना. आणि नेमका तेव्हाच आतली गाडी बाहेर काढायला एका माणसानं फाटक उघडलं. उघडलं, आणि तिच्या गाडीकडे बघत उभा राहिला.

"जरा पुढे घेता?"

"घेतली असती," ती म्हणाली, "पण हिच्या मनात नाहीये."

तो हसला नाही. बॉनेटवर हात ठेवून मात्र बघितला, ताप बघावा तसा. "बरीच तापलीय."

"तुम्हाला गाड्यांतलं कळतं?"

"अजिबात नाही. माझं काम माणसांना झोपवायचं."

"मग उठवतही असालच की."

"उठवतो. पण त्यांना घरी जायचं असतं."

वरच्या खिडकीतून मावशींचा आवाज आला, "व्यायामवाले, सांभाळून गं! माझा भाचा भूल देतो लोकांना!"

मावशींचं खुब्याचं हाड मोडलं होतं, आणि त्यांना पुन्हा चालतं करायला ती एक दिवसाआड यायची. घरोघरी जाऊन लोकांना उभं करायचं हा तिचा धंदा. कामाला काम, बोलण्यापुरतं बोलणं, बाकी सगळ्यांपासून चार हात लांब. घरचे तिला तुटक म्हणत. तिला ते फारसं लागत नसे. तुटक माणसाला वेळेवर पोचता येतं, असं तिचं म्हणणं.

गाडी दादाची. परदेशी जाताना तिच्या गळ्यात मारली होती. "उत्तम आहे, फक्त कधीकधी रुसते," असं म्हणाला होता. हे 'कधीकधी'च वाईट होतं. रोज अडली असती तर दुरुस्त करता आली असती. गॅरेजमध्ये नेली की शहाण्यासारखी पहिल्या फटक्यात सुरू व्हायची. मेकॅनिक तिच्याकडे असा बघायचा, की तिला स्वतःच्याच बोलण्याचा संशय यावा.

मात्र थोडा वेळ दम धरला की गाडीचा राग उतरायचा. एकदा तापली की गाडी तासभर तरी अडते, हे हळूहळू लक्षात आलं. मग फाटकासमोर अडली की ती पायरीवर बसायची. भाच्यालाही बाहेर पडता यायचं नाही, म्हणून तोही बसायचा, दोघांत एक पायरी सोडून.

"दुसरीकडे लावत का नाही?" त्यानं एकदा विचारलं.

"गल्लीत जागा कुठंय?"

"कोपऱ्यावर आहे की."

"तिथं ऊन असतं."

"हं," तो म्हणाला. पलीकडचं झाड वाऱ्यानं हलत होतं, त्याच्याकडे बघत राहिला. झाडाच्या सावलीत जागाच जागा होती. पण त्याबद्दल तो काही बोलला नाही... आणि तीही नाही.

मग मावशींच्या व्यायामाचा शेवटचा दिवस आला. काठी न घेता त्यांनी सगळं घर फिरून दाखवलं. "आता सुटलीस माझ्या तावडीतून," असं म्हणत त्यांनी तिचे हात धरले. ती बरं म्हणाली आणि पिशवी उचलून खाली आली. सगळं नेहमीसारखं. फक्त जिना जरा लवकर संपला.

ती किल्ली लावतेय तोच भाचा धावत खाली आला. शर्टाची बटणं अजून लागायची होती.

"गाडी काढा! दवाखान्यातून फोन आलाय. बाळ पोटात आडवं आहे, लगेच ऑपरेशन करावं लागणार. भूल द्यायला दुसरं कुणी नाहीये!"

तिनं किल्ली फिरवली.

टक्.

दोघांनी एकमेकांकडे बघितलं. पुन्हा टक्. 

"धक्का मारा," ती म्हणाली. "खाली उतार आहे. मी दुसऱ्या गिअरमध्ये टाकते."

त्यानं मागून खांदा लावला. गाडी आधी ढिम्म... मग इंचभर, मग हातभर, मग उतारावरून आपली आपणच निघाली. तिनं क्लच सोडला. गाडीनं एक गचका खाल्ला, खोकली, आणि सुरू झाली. आरशात तो धापा टाकत पळत येताना दिसला.

"बसा! आता तुमची काढायला वर कुठं जाता?"

तो बसला. सिग्नलला गिअर काढून ती एक पाय ब्रेकवर नि एक ॲक्सिलरेटरवर ठेवून गाडी घुरघुरत ठेवत होती. त्याची बोटं एकमेकांत घट्ट अडकली होती.

"पेशंट घाबरला की मी त्याला बोलतं ठेवतो," तो म्हणाला. "आज... तुम्ही बोला काहीतरी."

"काय बोलू?"

"काहीही. खरं असलं म्हणजे झालं."

दिवा हिरवा झाला. तिनं गाडी काढली आणि नजर रस्त्यावर ठेवून, हवापाण्याचं बोलावं तशा आवाजात म्हणाली, "मावशींकडे येणं मी केव्हाच थांबवायला हवं होतं. त्यांना माझी गरज राहिली नव्हती. मी उगाच येत राहिले."



"पुढे डावीकडे," तो म्हणाला.

दवाखान्याच्या दारात त्यानं उतरून दार लावलं, आणि लगेच उघडलं. "याच्यावर मला बोलायचंय. पण आत्ता—"

"जा!"

तो गेला. ती गाडी चालू ठेवून बसली. पुढच्या पेशंटकडे निघायची वेळ झाली होती. ते आजोबा खुर्चीत तयार बसलेले असणार. आजवर तिनं कुणाला ताटकळत ठेवलं नव्हतं. गाडी चालू होती, रस्ता मोकळा होता. इंजिन बंद केलं तर लगेच सुरू होणार नाही, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

तिनं गाडी कडेला घेतली. आजोबांच्या सुनेला फोन केला, आज दुपारी येते म्हणून सांगितलं. आणि किल्ली फिरवून इंजिन बंद केलं.

तो बाहेर आला तेव्हा डोक्यावरची टोपी काढायची राहिली होती. इकडेतिकडे बघत आला, गाडी दिसली, आणि जागीच थबकला.

"मुलगी झाली," खिडकीशी वाकून म्हणाला. "दोघी छान आहेत. बंद पडली का?"

"नाही," ती म्हणाली. "मी बंद केली."

तो वळसा घालून आला आणि शेजारी बसला. डोक्यावरची टोपी काढून हातात गुंडाळू लागला. कान लाल झाले होते.

"मावशी केव्हाचीच एकटी जिना उतरते," तो म्हणाला. "मीच म्हटलं होतं तिला, व्यायामवालीला कळू देऊ नकोस."

तिनं त्याच्याकडे बघितलं. हसू आवरायचा तिनं प्रयत्न केला, पण जमलं नाही. मग त्यालाही जमलं नाही. शेजारून जाणारी नर्स वळून बघायला लागली.

"आता सुरू होईल?" त्यानं विचारलं.

"होईल बहुतेक. थंड झाली असेल."

दोघांपैकी कुणीच किल्लीला हात लावला नाही.

"तुला घाई आहे?" तो म्हणाला. म्हणाला, आणि आपण काय म्हणालो हे त्याच्या लक्षात आलं.

तिच्याही आलं.

"नाही," ती म्हणाली. "तुला?"