‘समाप्त’च्या जागी

दवाखान्यात नातेवाइकांनी वाट बघत बसायच्या त्या लांबट खोलीत सगळ्यांचे डोळे भिंतीवरच्या पडद्याला लागलेले असत. आत कुणाचं ऑपरेशन कुठवर आलं, ते त्या पडद्यावर कळे. तो बनवणाऱ्या टीमची ती प्रॉडक्ट ओनर. काय आधी करायचं, काय मागे ठेवायचं, हे ठरवणारी. टीममधले तिला ‘मालकीणबाई’ म्हणून चिडवत. मालकी कसली, नुसता डोक्याला ताप! पण आपलं काम माणसं कशी वापरतात, ते त्यांच्या शेजारी बसल्याशिवाय उमगत नाही, असं तिचं ठाम मत. म्हणून गळ्यात ओळखपत्र, मांडीवर लॅपटॉप अशी ती अधूनमधून तिथे येऊन बसे.

त्या दुपारी पडद्यावरचा शब्द बदलला आणि शेजारचा तरुण ताडकन उभा राहिला.

“समाप्त?” आवाज खोल विहिरीतून आल्यासारखा. “ओ मॅडम... समाप्त म्हणजे? माझी बहीण आहे आत. धाकटी.”

तिनं लॅपटॉप मिटला. “ऑपरेशन संपलं, एवढंच. फक्त ऑपरेशन.”

“तुम्हाला काय माहीत?”

“तो शब्द... मीच लिहिलाय.”

त्याच्या उत्तराची वाट न बघता ती आत धावली, नर्सला विचारून परतली. “शुद्धीवर येतेय. पाणी मागतेय.”

तो मटकन बसला. मग म्हणाला, “शब्द जपून लिहीत जा हो. इथे बसलेल्या माणसाचा जीव त्या शब्दालाच टांगलेला असतो.”

दुसऱ्या दिवशी तिनं यादीतली सगळी कामं खाली सारली आणि तो एक शब्द सगळ्यांत वर ठेवला.

“शब्दच तर आहे, मालकीणबाई!” प्रोग्रामर वैतागला. “पुढच्या खेपेला बघू. रंग बदलायचेत, नकाशा राहिलाय—”

“रंग थांबतील.”

“बरं. पण नवा शब्द बरोबर आहे, हे ठरवायचं कसं?”

“वाचून माणूस ताडकन उठला, तर काम झालं नाही. बसल्या जागी श्वास सोडला, तर झालं.”

आणि ती नव्या शब्दांच्या चिठ्ठ्या घेऊन निघाली ती थेट त्या तरुणाकडे. त्याचं चष्म्यांचं दुकान होतं. भिंतीवर मोठ्यापासून बारीक होत गेलेली अक्षरं, काचेवर पावसाची झिमझिम. तिनं दोन चिठ्ठ्या समोर धरल्या. “हे बरं, की आधीचं बरं?”

तो पहिल्यांदा हसला. “हा प्रश्न माझा आहे. दिवसभर भिंगं बदलत हेच तर विचारतो!”

“मग सांगा ना. ‘पूर्ण’?”

“माणूसच पूर्ण झाला असं वाटतं.”

“‘यशस्वी’?”

“आणि ज्या दिवशी नाही होणार... त्या दिवशी काय लिहाल?”

तिनं दोन्ही चिठ्ठ्या उलट्या केल्या. मग तिनं तिथेच उभ्याउभ्या लिहिलं, ‘ऑपरेशन झालं. डॉक्टर तुमच्याशी बोलायला येत आहेत.’

त्यानं स्वतःचा चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. “हे दोन्ही दिवशी खरं राहील,” तो हलकेच म्हणाला. “हे वाचून मी बसून राहिलो असतो.”

चिठ्ठ्या संपल्या, येणं-जाणं संपलं नाही. बरी होत आलेली बहीण गल्ल्यावर बसून दोघांना न्याहाळायची. “दादा, यांचा नंबर तू अजून किती वेळा तपासणार आहेस?”

मग कळलं, बहिणीचं दुसरं ऑपरेशन करावं लागणार. पहिल्यापेक्षा अवघड.

“त्या दिवशी... याल?” त्यानं फ्रेम पुसत, वर न बघता विचारलं.

“येईन ना. माझं कामच असतं तिथे.”

“हो,” तो म्हणाला. “कामच.”

दिव्याची वात खाली करावी तसा त्याचा चेहरा झाला. त्यानंतर त्याचा फोन आला नाही. तिनं किती वेळा हातात घेतला, किती वेळा ठेवला... दुसऱ्यांना काय हवं ते नेमकं ओळखायचं, हा तिचा धंदा. स्वतःचं सांगायची वेळ आली, तर एक शब्द सापडेना.

ऑपरेशनच्या दिवशी तिनं रजा टाकली.

“आज नवा मजकूर पडद्यावर लागणार, आणि तुम्ही नाही?” प्रोग्रामर चकित.

“तुम्ही बसा तिथे. लोकांचे चेहरे बघा. आज मला दुसऱ्यांचे बघता यायचे नाहीत.”

ती पोचली तेव्हा बहिणीची चाकांची गाडी ऑपरेशन थिएटरकडे जाणाऱ्या बोळाशी आली होती. ना ओळखपत्र, ना लॅपटॉप, रिकाम्या हातांनी ती पुढे झाली. नर्सनं हात आडवा धरला.

“ओ, इथून पुढे फक्त घरचं माणूस. तुम्ही पेशंटच्या कोण?”

“मी...”

त्यानं वळून पाहिलं. डोळ्यांत भीती, आणि भीतीमागे काहीतरी थांबून राहिलेलं.

“सांगा की पटकन,” गाडीवरून क्षीण आवाज आला, “हे लोक मला आत न्यायला थांबलेत!”

“वहिनी,” ती म्हणाली. “हिची वहिनी आहे मी.”

“मग बघत काय उभ्या राहिलात? धरा इकडून.”

एक बाजू त्यानं धरली होती, दुसरी तिनं धरली. चाकं हलली. बहिणीनं डोळे मिटले. ओठांवर हसू होतं, बोटं मात्र गार. तिनं ती मुठीत घेतली.

“खरंच?” त्यानं पलीकडून विचारलं, ऐकू येईल न येईल असं.

“आधी हिला दारापर्यंत सोडू,” ती म्हणाली. “मग काय विचारायचं ते विचार... तू.”