लाल उजेडातला बाण

पाटीवर बाण नव्हता.

साजिरी वाघचौरेने डोळे चोळून पुन्हा बघितलं. कालच तिने स्वतःच्या हाताने ही पाटी इथे लावली होती. पांढरीशुभ्र पाटी, तिच्यावर लालभडक बाण आणि खाली त्याच रंगात 'बाहेर' हा शब्द. पाटी जागच्या जागी होती, चारही कोपऱ्यांतले स्क्रू होते. पण बाण नाही, अक्षर नाही. नुसता कोरा चौकोन.

"कुठल्या बाजूला?" मागून ओजसने खोकत विचारलं.

समोर तीन बोगदे फुटत होते. तिन्ही सारखेच दिसत होते.

झालं होतं असं. ज्या वर्षी चंद्रावरच्या वस्तीसाठी माणसं निवडायला सुरुवात झाली, त्याच वर्षी साजिरी दहावी होऊन नाशिकच्या एका कला महाविद्यालयात दाखल झाली, ग्राफिक डिझाइन (सांगायचं ते बघणाऱ्यापर्यंत नीट पोचावं म्हणून केलेली अक्षरं, रंग आणि आकार यांची मांडणी) शिकायला. तिथे पुस्तक पाठ करून भागत नसे. स्टुडिओत प्रकल्प मिळायचा, तो करायचा, सगळ्यांसमोर भिंतीवर टांगायचा आणि मग लोक काय बोलतात ते उभं राहून ऐकायचं.

यंदाचा प्रकल्प मोठा होता. चंद्रावर जाणाऱ्यांना सराव करता यावा म्हणून संगमनेरजवळच्या एका अंतराळ केंद्राने तिथल्या डोंगरात बोगद्यांची वस्ती खोदली होती. संकटात तिथून बाहेर पडण्याच्या पाट्या साजिरी आणि ओजस सातपुते या जोडीने करायच्या होत्या. लाल रंग साजिरीने निवडला. धोक्याचा रंग लाल, त्यात विचार कसला करायचा?

शिकवणाऱ्या मुजावर मॅडम पाटीकडे बराच वेळ बघत राहिल्या होत्या. "ही कोण वाचणार?" त्यांनी विचारलं.

"अंतराळवीर, मॅडम."

"कुठल्या वेळी?"

साजिरी पाटीचा कोपरा उगाच पुसू लागली.

"आत लावून या. नंतर दोघांनी त्या पाट्यांच्या मागे चालत जा आणि काय होतं ते मला सांगा."

म्हणून आज दुपारी दोघं पुन्हा बोगद्यात आली होती. सोबत होता महाविद्यालयाचा यंत्रमानव ठसा. गुडघ्याएवढा, चाकांवर चालणारा, पाठीवर सामानाची पेटी वाहणारा. मोबाइल दारातच काढून ठेवावे लागले होते, कारण आतल्या नाजूक यंत्रांना ते चालत नसत. दोघं बरीच आत गेली आणि मागे कुठेतरी यंत्रखोलीत वीजवाहिनी जळाली. दिवे गेले. भिंतींवरचे नकाशाचे पडदे काळे पडले. क्षणभर डोळ्यांत बोट घातलं तरी दिसू नये असा काळोख झाला, आणि मग छताजवळचे संकटकाळचे दिवे लागले. लाल. आल्या वाटेने धूर सरकत येत होता.

परतीची वाट बंद झाली होती. पुढे जायचं ते पाट्यांच्या आधाराने, आणि पाटी कोरी होती.

"कुणी पुसलं असेल?" ओजसने विचारलं. त्याला दम्याचा त्रास होता आणि प्रत्येक श्वासाबरोबर त्याच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज येऊ लागला होता.

"ठसा, तुला दिसतो का बाण?"

"नाही. मलाही कोरीच दिसते," ठसा म्हणाला. "नकाशा केंद्राच्या संगणकात आहे आणि तो बंद पडलाय. बाहेर संदेशही जात नाही, मध्ये खडक आहे."

काल अशा कितीतरी पाट्या तिने नकाशात बघून लावल्या होत्या. या वळणावर बाण डावीकडे होता की उजवीकडे? आठवायला जावं तर सगळ्या पाट्या एकमेकींत मिसळत होत्या. आधारासाठी तिने भिंतीवर हात टेकला, तो नेमका पाटीवर पडला, आणि बोटांना एक बारीक कड लागली.

ती दचकली. बाण तिने चिकटणाऱ्या पातळ कागदातून कापला होता. ही त्याचीच कड. तिने बोट कडेकडेने फिरवलं. टोक लागलं. डावीकडे.

"आहे, बाण आहे. दिसत नाही, पण आहे. डावीकडे चल."

ती वाकून चालू लागली, कारण धूर वरवर साचत होता. चालताना तिने विचारलं, "ठसा, असलेली गोष्ट दिसत नाही म्हणजे काय?"

"आपण वस्तू कशी बघतो?" ठसाने विचारलं. प्रश्नाला प्रश्न करायची ही सवय त्याला स्टुडिओतच लागली होती.

"तिच्यावर उजेड पडतो आणि परत फिरून आपल्या डोळ्यांत येतो."

"परावर्तन (उजेडाचं वस्तूवर आदळून माघारी येणं). पांढरा कागद कुठले रंग माघारी पाठवतो?"

"सगळे. म्हणून तर तो पांढरा दिसतो."

"आणि लाल कागद?"

"लाल तेवढा परत पाठवतो, बाकीचे शोषून घेतो." बोलता बोलता साजिरीचा वेग मंदावला. "इथे उजेडच लाल आहे. म्हणजे पांढरी पाटीही लालच परत पाठवणार, बाणही लालच पाठवणार. दोघं सारखेच उजळ."

"आणि दोघांत फरक उरला नाही, तर डोळ्याला कड कशी कळणार?" ठसा म्हणाला. "त्या फरकाला कॉन्ट्रास्ट म्हणतात (शेजारच्या दोन भागांतल्या उजळपणाचा फरक)."

पाटी कुणी पुसली नव्हती. ती तिनेच, स्टुडिओतल्या लख्ख दिव्याखाली बसून, अशी केली होती की नेमकी संकटात नाहीशी व्हावी.

पुढच्या वळणावर दोन वाटा होत्या. पाटी इथेही होती, पण छताला टांगलेली, हात पोचणार नाही इतक्या उंच. ओजस भिंतीला टेकून खालीच बसला.

"मला नाही जमणार," तो हळूच म्हणाला. "तू जा."

"गप्प बस. तुला सोडून मी कुठेही जाणार नाहीये."

धूर आता खांद्यापर्यंत उतरला होता. चुकीच्या वाटेने गेलो तर परत फिरायला ओजसच्या छातीत दम उरणार नाही, हे तिला कळत होतं. तिने स्वतःला विचार करायला लावलं. लाल उजेडात लाल बाण हरवतो. मग दुसरा उजेड हवा. ज्यात लाल नाही असा.

तिची नजर ठसाकडे गेली. त्याच्या छातीवर बॅटरीची खूण होती, वाटाण्याएवढा हिरवा दिवा.

"हिरवा उजेड लाल कागदावर पडला तर तो शोषून घेईल," ती भराभर बोलू लागली. "परत काहीच येणार नाही. बाण काळा दिसेल. पाटी मात्र हिरवा परत पाठवेल. ठसा, तुला उचलते."

"लवकर उचल. बॅटरी संपत आली आहे. ती आणखी उतरली की ही खूण लाल होईल."

ठसा चांगलाच जड होता. साजिरीने त्याच्या पाठीवरची पेटी सोडवून बाजूला टाकली, त्याला कवेत घेतलं आणि दात आवळून डोक्यावर धरलं. धूर डोळ्यांत गेला. पाटीवर फिकट हिरवा डाग पडला. आधी काही दिसेना. तिने टाचा उंचावल्या, डाग जरासा ठळक झाला, आणि त्याच्या मधोमध एक काळपट टोक उमटलं.

"उजवीकडे," ओजस खालून म्हणाला. त्याला ते आधी दिसलं.

तिने एका हाताने ओजसला धरलं, दुसऱ्या काखेत ठसाला, आणि ती उजवीकडे निघाली. वाट लांबतच गेली. अर्ध्या वाटेत ठसाचा दिवा लाल झाला. आणखी एक वळण आलं असतं तर? तो विचार तिच्या मनातून जाईना, पाय मात्र चालत राहिले. वळण आलं नाही. गार वारा लागला आणि पाठोपाठ दुसऱ्या बाजूच्या दारातून आत शिरणारे, तोंडावर मुखवटे चढवलेले मदतनीस दिसले.

ओजसला प्राणवायू लावला. संध्याकाळपर्यंत त्याच्या छातीतली शिट्टी थांबली.

पुढच्या आठवड्यात साजिरी स्टुडिओच्या भिंतीपुढे उभी राहिली. जुनी पाटीच तिने टांगली होती. काय घडलं ते तिने सगळ्यांना सांगितलं आणि शेवटी म्हणाली, "रंग मी निवडला होता. मॅडमनी विचारलं होतं, कुठल्या वेळी. मी त्याचा विचारच केला नाही."

"मीही तो प्रश्न विचारून थांबले," मुजावर मॅडम म्हणाल्या. "तुम्हाला आत पाठवण्याआधी ते लाल दिवे मी स्वतः बघायला हवे होते. यापुढे आधी मीच जाऊन बघेन." मग त्या सगळ्या वर्गाकडे वळल्या. "पण ते दिवे लालच का ठेवले असतील?"

याचं उत्तर ओजसने शोधून ठेवलं होतं. अंधारात बघायला आपल्याला दंडपेशी (मंद उजेडात काम करणाऱ्या डोळ्यातल्या पेशी) मदत करतात. मंद लाल उजेडाने त्या दिपत नाहीत, म्हणून डोळे अंधाराला सरावलेले राहतात. दिवे बदलणं शहाणपणाचं नव्हतं. बदलायची होती ती पाटी.

दोघांनी कामाला हात घातला. पिवळ्यावर काळा बाण केला, कारण पिवळा लाल उजेडातही उजळ राहतो आणि काळा कुठल्याही उजेडात काळाच. स्टुडिओच्या खिडक्या झाकून, लाल दिवा लावून तो बघितला. धुरासाठी बटर पेपर डोळ्यांसमोर धरला. बाण बारीक वाटला, तो जाड केला. लाल-हिरव्यातला फरक न कळणाऱ्या एका वर्गमित्राला दाखवला. बाणाची कड बोटांना लागावी म्हणून तो उठावाचा केला आणि पाट्या हात पोचेल इतक्या खाली आणल्या.

मग त्या लावायला पुन्हा डोंगरात जायचं होतं. केंद्राने धूर शोषणारे पंखे बसवले होते, दारात मदतनीस उभे होते, तरी बोगद्याच्या तोंडाशी साजिरीचे पाय अडले.

"मॅडम, मला अजून भीती वाटते."

"वाटू दे," मुजावर मॅडम म्हणाल्या. "घाबरलेल्या माणसाला काय दिसतं, ते आज तुझ्याइतकं कुणाला सांगता येणार आहे? मी आहे बरोबर."

त्या तिघांबरोबर केंद्रातली एक तरुण अंतराळवीर आली होती. ती या बोगद्यांत नवीनच होती आणि पुढे चंद्रावर जाणार होती. आतले दिवे मुद्दाम घालवले. काळोख झाला, साजिरीने ओजसचा हात घट्ट धरला, आणि लाल दिवे लागले.

दूरच्या भिंतीवर काळा बाण ठसठशीत उभा होता.

अंतराळवीराने कुणाला काही विचारलं नाही. बाण बघितला आणि ती त्या दिशेने चालू लागली.