मोजून झालं?

ही घटना खरी आहे. माझ्या मावसबहिणीच्या, शलाकाच्या बाबतीत घडलेली. विश्वास ठेवा नाहीतर ठेवू नका. त्या संध्याकाळी मी तिचा चेहरा पाहिलाय. मला तेवढं पुरे आहे.

गेल्या मार्चमधली गोष्ट. रात्रीची नाही, भर दुपारची. जागा बेंगळुरूची चामराजपेट, बसच्या रस्त्यापासून जरा आत.

तिथे शलाकाचं माहेर. खाली कापडाचं दुकान, वर राहायचं घर. चार पिढ्यांपूर्वी ही मंडळी महाराष्ट्रातून आली आणि इथलीच होऊन गेली. आई गेल्यापासून घरात वडील एकटेच. नरसिंहराव. ती त्यांना अण्णा म्हणते. ती स्वतः नवऱ्याबरोबर सर्जापूर रोडला राहते.

अण्णांची पंच्याहत्तरी जवळ आली होती. शलाकाच्या मनात आलं, घराण्याची वंशावळ तयार करून, फ्रेम करून त्यांना द्यावी.

जनगणनेचे जुने, घराघरातल्या नावांचे कागद सहसा कुणाच्या हाती लागत नाहीत. पण तिला श्रीकांत नावाचे एक निवृत्त शिक्षक भेटले. त्यांच्या वडिलांनी एकसष्ट साली याच पेठेत दारोदार फिरून माणसं मोजली होती. त्यांचे कच्चे कागद घरच्या ट्रंकेत तसेच राहून गेले होते.

शलाकाला तिचं घर सापडलं. कन्नड अक्षर, पण स्वच्छ. आजोबा. आजी. मुलगा नरसिंह, वय नऊ.

आणि त्याखाली आणखी एक ओळ...

मुलगी मालन. वय सहा.

शलाका आधी हसलीच. अण्णांना बहीण? अण्णा तर जन्मभर सांगत आले होते, "मी एकुलता एक. ना भाऊ, ना बहीण. म्हणून तर तुझ्यावर एवढा जीव."

तिनं मोबाइलमध्ये कागदाचा फोटो काढला आणि थेट माहेर गाठलं. वर जाण्याआधी शेजारच्या शारदाबाईंच्या दारात थांबली.

"अय्यो, मालन?" शारदाबाईंनी हातातली शेंग खाली ठेवली. "माझ्याच वयाची ती. सारखी तुझ्या अण्णाच्या मागे मागे. करग्याच्या जत्रेत, त्या गर्दीत हरवली ना गं! म्हणे, अण्णाच्या हातातून तिचा हात सुटला. सगळी पेठ शोधत होती. हा रडून रडून तापानं फणफणला. मग तुझ्या आजीनं घरात तिचं नावच बंद केलं."

शलाकाला वाटलं, एवढ्याशा पोरानं केवढं दुःख गिळलं असेल! म्हणूनच बोलले नाहीत कधी. ती जिना चढली ती अण्णांना जवळ घ्यायला.

अण्णा जेवून खुर्चीत बसले होते. तेवढ्यात वीज गेली. पंखा हळू हळू थांबला.

तिनं फोटो पुढे धरला. "एकसष्टच्या जनगणनेचा कागद आहे. ही मालन कोण, अण्णा?"

"मोजणाऱ्यानं चुकून लिहिलं असेल," अण्णा म्हणाले.

फोटोकडे न बघताच.

"पण शारदाक्का म्हणाल्या..."

"शारदाला काय कळतंय? सोड तो विषय. सरी? कळलं ना?"

बाहेरून रिक्षांचे आवाज येत होते. तेही थांबले.

टक्... टक्...

गच्चीवर जाणाऱ्या जिन्याखालून. तिथे एक कोनाडा होता, फळ्या ठोकून बंद केलेला. शलाकानं तो जन्मापासून बंदच पाहिला होता. वर कॅलेंडर टांगलेलं.

"उंदीर," अण्णा म्हणाले. जरा जास्तच घाईनं.

मग...

"अण्णा..."

शलाकाच्या अंगावर सरसरून काटा आला. या घरात त्यांना अण्णा म्हणणारी ती एकटीच. आणि तिचं तोंड तर बंद होतं.

"अण्णा... मोजून झालं?"

लहान पोरीचा आवाज. हसू दाबलेला. लपाछपीत लपलेलं पोर बोलतं ना, अगदी तसा.

शलाकानं अण्णांकडे पाहिलं. ते दचकले नव्हते.

तेच तिला सहन झालं नाही. ते दचकलेच नाहीत.

मान न वळवता, रोजच्या सवयीच्या आवाजात ते फळ्यांना म्हणाले, "अजून नाही. लपून राहा. बासष्ट... त्रेसष्ट... चौसष्ट..."

फळ्यांमागे सगळं शांत झालं.

शलाका लहान असताना अण्णा रोज रात्री तिच्या उशाशी बसायचे. हळू आवाजात आकडे मोजत, ती झोपेपर्यंत. तिचा पलंग त्या कोनाड्याच्याच भिंतीला लागून होता. "आमचे अण्णा मला आकड्यांची अंगाई म्हणायचे," हे ती कौतुकानं सांगत आली होती. लग्नाच्या मांडवातही सांगितलं होतं.

ती अंगाई तिच्यासाठी नव्हतीच.

"अण्णा, मालन करग्याला गेलीच नव्हती ना?"

"पासष्ट... सहासष्ट..."

"या फळ्या कुणी मारल्या?"

ते मोजतच राहिले.

ती तडक खाली उतरली आणि कोपऱ्यावरच्या रत्नाकर सुताराला घेऊन आली. अण्णा हात पसरून फळ्यांसमोर उभे राहिले. जन्मात पहिल्यांदा त्यांनी तिच्यावर हात उगारला. तिनं तो धरला, बाजूला केला.

फळ्या निघाल्या.

आत काहीच नव्हतं.

हाड नाही, चिंधी नाही, उंदराचं बीळसुद्धा नाही. इतक्या वर्षांच्या बंद जागेत कोळिष्टकं हवीत, तीही नाहीत. जमीन मात्र गुळगुळीत झालेली... रोज कुणीतरी बसत असल्यासारखी.

"अक्का, यात काय हवं होतं तुम्हाला?" रत्नाकरनं विचारलं.

अण्णा पायरीवर मटकन बसले. शलाकाला वाटलं, आता तरी खरं सांगतील. निदान रडतील. त्यांनी फक्त वर पाहिलं.

"फळ्या काढल्यास..." ते म्हणाले. "आता ती कुठे गेली?"

त्या संध्याकाळी शलाका माझ्याकडे आली. मी विचारलं, "घाबरलीस का गं?"

"मेलेल्या पोरीचं काय भय?" ती म्हणाली. "ती बिचारी त्याच्यावर भरवसा ठेवून बसली होती. माझ्यासारखीच."

वंशावळीची फ्रेम झालीच नाही. पंच्याहत्तरीला ती गेली नाही. करग्याच्या दिवसाबद्दल अण्णांनी आजवर एक शब्द काढलेला नाही. त्या घरात आता आवाज येत नाही म्हणतात. पण दिवेलागणीला अण्णांचा तिला रोज फोन येतो. तब्येत नाही, जेवण नाही, एकच विचारतात...

"तुझ्याकडे आली का गं?"

"नाही," शलाका म्हणते आणि फोन ठेवते.

गेल्या आठवड्यात मी तिच्या घरी होते तेव्हाही फोन आला. ती "नाही" म्हणाली. म्हणताना तिनं माझ्याकडे पाहिलं नाही.

ती खरं बोलली का, हे मी तिला अजून विचारलेलं नाही.