एकास सहाशे

मिरजेच्या मेंदूसेवा केंद्राच्या तिसऱ्या मजल्यावर, काचेपलीकडे, फ्रीजएवढ्या काळ्या पेटीत शैलजा मगदूमचा अर्धा मेंदू चालू होता. बाकीची शैलजा शेजारच्या खाटेवर औषधाच्या गुंगीत झोपली होती. काचेच्या अलीकडे तिचा नवरा प्रमोद एक अर्ज हातात धरून उभा होता.

पक्षाघाताच्या झटक्यात मेंदूचा जो भाग गेला, त्याचं काम आता ही पेटी करत होती. तिला बाह्यमेंदू म्हणत. पेटी केंद्रातच राहणार होती. शैलजा घरी जायची होती, कारण खाटा बारा आणि रांगेत माणसं चाळीस. दोघींच्या मधे एक तार.

*अर्ज क्र. ७, रकाना ४. घरची जोडणी. एकावरच खूण करावी.*
*☐ समाईक केबल*
*☐ तांब्याची स्वतंत्र जोडी*
*निवड पुन्हा बदलता येणार नाही.*

"काका, तुम्हाला काय शिकवायचं मी?" यास्मिन बारगीर म्हणाली. ती केंद्रातली दुवा-अभियंता. प्रमोदनं तीस वर्षं जमिनीखालच्या टेलिफोनच्या तारांना सांधे मारले होते हे तिला ठाऊक होतं.

"शिकव. आज तार माझी न्हाई, बायको माझी आहे."

"केबल म्हणजे जाड पाइप, पण अख्ख्या कॉलनीत एकच. सगळ्यांनी नळ सोडले की तुमच्याकडे ठिबक. तांबं म्हणजे बारीक नळी, पण फक्त तुमची. एक्स्चेंजपासून जितकं लांब, तितकी बारीक."

"साडेचार किलोमीटर."

"तेच तर."

"आणि प्रकाशतार, फायबरवाली?"

"ती कॉलनीच्या तोंडापर्यंतच येते. पुढं केबलच."

केंद्राच्या डॉ. इरावती कोरे पुढं आल्या. "केबलवर शैलजाताई आपल्यासारख्या राहतील," त्या म्हणाल्या. "बोलतील, ऐकतील, भांडतील. पण संध्याकाळी कॉलनी मॅच बघायला बसली, की दुवा तुटेल. बाह्यमेंदू नवी आठवण चार मिनिटं कच्ची धरतो, मग पक्की करतो. दुवा तुटला की कच्ची चार मिनिटं गेली. आणि जाताना जुन्यातलंही थोडं ओढून नेतात. भिंतीवरची चिकटपट्टी उपटली की रंग निघतो ना, तसं. तुमच्या कॉलनीचा भार लावून बघितला आम्ही. दिवसाला अकरा तुटी."

"म्हणजे वर्षानं?"

"वर्षानं तुमचं नाव जाईल. दोन वर्षांनी त्यांचं स्वतःचं."

"आणि तांब्यावर?"

"तांब्यावर त्या अख्ख्या राहतील. पण मंद. एकास सहाशे. त्यांचा एक सेकंद म्हणजे आपली दहा मिनिटं. त्यांना ते जाणवणार नाही. त्यांना वाटेल जगच धावतंय. त्या तारेत मावतात फक्त डोळे, हात आणि वाणी. कानाला जागा नाही. आणि अक्षरं झटक्यातच गेलीत, लिहून दाखवाल तर त्यांना नुसत्या रेघा."

"बोलंल ना पण?"

"मनात. ते शब्द इथं उमटतील. इतकं सावकाश बोलणं समजायला आमच्या यंत्राला तीन महिने लागतील. मग उतारा देऊ. आणि काका, एकदा मंद केलेला बाह्यमेंदू परत वेगात आणता येत नाही. तो फाटतो."

प्रमोदनं पेन मागितलं. कॉलनीनं नळ सोडला की आपली बायको थेंबाथेंबानं पुसली जाणार, हे त्याला सोसणं शक्यच नव्हतं. दुसऱ्या चौकोनात त्यानं खूण केली. इतकी दाबून, की कागद फाटला.

---

चोवीस तास म्हणजे तिची दोन मिनिटं चोवीस सेकंद.

एक महिना म्हणजे तिची बहात्तर मिनिटं. सकाळी न्यायला आलेली रिक्षा चुकली, तर दुसरी मिळेस्तोवर जाईल एवढा वेळ.

दोन मिनिटं खाटेशी उभं राहणं म्हणजे तिच्या सेकंदाचा पाचवा भाग.

हे गणित प्रमोदला येत होतं. त्याला वेळ नव्हता.

गावातलं सगळं तांबं कधीच मेलं होतं. जिवंत होती ती ही एक जोडी, तीही तो रोज तिच्यामागं फिरत होता म्हणून. एक्स्चेंजपासून घरापर्यंत सांध्यांचे अकरा खड्डे. रस्ता रुंद व्हायचं काम चाललेलं. आज इथं खोदकाम, उद्या तिथं पाणी, परवा कोणीतरी तांबं उपटायला बसलेला. सांधा मारू शकणारा माणूस तालुक्यात दुसरा उरला नव्हता. एक तूट म्हणजे तिच्या डोक्यातला एक पापुद्रा. तो पहाटे स्कूटर काढायचा, दुपारी दोन घास खायला यायचा, दारातून तिला बघायचा आणि पुन्हा जायचा.

शैलजाजवळ दिवसभर कामाला ठेवलेली मंगल बसायची. मालगावची, पन्नाशीची, खुर्चीत बसली की पोत्यासारखी बसणारी.

"दादा, जरा टेका की. वैनी बघत्यात."

"मी टेकलो तर खड्डे तू बघणार?"

"मला बाई त्या तारंतलं काय कळतंय. मग निदान फोटू तरी लावा तुमचा, समोर. न्हाई माणूस तर फोटू."

ही युक्ती डॉक्टरांनाही आवडली. फोटो हलत नाही, तिला तो नीट दिसेल. प्रमोदनं नोकरीतला फोटो मोठा करून फ्रेम केला आणि खाटेच्या समोर खिळा ठोकला. मंगल रोज सकाळी देवाला वाहिलेल्या अबोलीतलं एक फूल फ्रेमवर खोचायची. बिनफुलाची फ्रेम तिच्या डोळ्याला बरी दिसत नव्हती, एवढंच.

एक्क्याण्णव दिवसांत एकही तूट झाली नाही.

---

*वाणी-उतारा. रुग्ण: शैलजा प्र. मगदूम.*
*डावीकडे रुग्णाची वेळ, जोडणीपासून. कंसात आपली तारीख.*

*मिनिट ३ (५ फेब्रुवारी): दिवा का सारखा बंद करताय?*

*मिनिट ७ (६ फेब्रुवारी): अहो. अहो, ऐकलं का?*

*मिनिट १९ (११ फेब्रुवारी): दारात काहीतरी फडफडतं अधूनमधून. डोळ्यात कण गेल्यासारखं.*

*मिनिट ३१ (१६ फेब्रुवारी): बाई, तुम्ही कोण? यांना बोलवा ना जरा.*

*तास १, मिनिट १२ (६ मार्च): हा फोटो कुणी लावला?*

*तास १, मिनिट १६ (७ मार्च): फूल का घातलंय त्याला?*

*(रुग्ण एक तास चोवीस मिनिटं गप्प.)*

*तास २, मिनिट ४० (११ एप्रिल): मला कुणी सांगितलं नाही.*

*तास ३, मिनिट ३० (२ मे): कधी गेले हे, बाई? त्रास नाही ना झाला त्यांना?*

---

केंद्रातल्या टेबलावर प्रमोदनं कागद पालथा ठेवला, पुन्हा सुलटा केला.

"ते फडफडणारं मी आहे," तो म्हणाला.

यास्मिननं तो कागद आपल्याकडे ओढला.

"तुमचा व्हिडिओ मंद करून पडद्यावर लावू या का?" डॉ. कोरेंनी विचारलं.

"फोटोचं काय झालं बघितलंत न्हवं? मेलेल्या माणसाचा व्हिडिओ बी लावतात लोक. मी स्वतः बसतो. किती बसायचं?"

"जितकं जास्त तितकं बरं. पण काका, दिसलेलं चार मिनिटं कच्चं असतं. त्यांची चार मिनिटं. आपले चाळीस तास. बसून उठलात आणि पुढच्या चाळीस तासांत तार तुटली, तर तुम्ही पुसले गेलात असं धरा."

"आणि मी बसलो असतानाच तुटली तर?"

"तर बसणं फुकट."

सोमवारी त्यानं फोटो उतरवला, खिळासुद्धा उपटला. तार त्या दिवशी बघितली नाही. तीन महिन्यांत पहिल्यांदाच. सकाळी सहाला तो खाटेशेजारी खुर्ची ओढून बसला, तिच्या नजरेच्या रेषेत.

बसणं हे काम असतं हे त्याला नऊ वाजता कळलं. बाराला मांड्या पेटल्या. मंगल भाकरी हातात देई आणि म्हणे, "चावा हळू, वैनीला वाटंल तोंडाला कापरं भरलंय." लघवीला तो दोन मिनिटांत जाऊन येई. तेवढं चालतं, तिची पापणी लवेल एवढंच. हसावं म्हणून त्यानं चेहऱ्यावर हसू आणलं आणि ते दीड तास तसंच धरलं. गाल दुखून डोळ्यांत पाणी आलं.

दुपारी तीनला तिची बुबुळं त्याच्यावर येऊन थांबली होती. चारला भुवई वर गेली. साडेसहापर्यंत सगळा चेहरा बदलला, आणि तो बदलताना प्रमोदनं बघितला, कणाकणानं. लग्नात अंतरपाट झटकन निघाला होता. त्या वेळी तिच्या चेहऱ्याचं असं काही बघायला मिळालं नव्हतं.

अंधार पडल्यावर तिचे डोळे मिटले तेव्हा तो जमिनीवर आडवा झाला. उजाडायच्या आत पुन्हा खुर्चीत.

मंगळवारी दुपारी सव्वातीनला चादरीवरचा तिचा उजवा हात उचलला गेला. साडेतीनला तो खाटेच्या कडेबाहेर आला. चारला त्याच्या गुडघ्यापासून वीतभर अंतरावर होता, बोटं थोडी पसरलेली. तिचा एक सेकंद उरला होता. दहा मिनिटं.

मांडीवर ठेवलेला तारेचा मीटर कुरकुरला.

त्यानं तो मांडीवरच, न हलता, डोळ्याच्या कोपऱ्यातून वाचला. सातवा खड्डा. खरखर वाढत होती. म्हणजे जेसीबीचं फावडं जोडीला लागलं होतं, अजून तुटली नव्हती.

"दादा, दहाच मिनटं बसा," मंगल म्हणाली. "हात येतोय बघा त्यांचा."

"तुटली तर हे सगळं जाईल मंगल. दोन दिवसांचं सगळं."

तो उठला.

सातव्या खड्ड्यात दोन्ही तारा उघड्या पडल्या होत्या, एक ताणून केसाएवढी झालेली. जेसीबीवाला ओरडत होता, "ओ आजोबा, मरायचंय काय?" प्रमोद खड्ड्यात उतरला, ताणलेल्या जागेची दोन्ही टोकं चिमटीत धरली आणि वरून दुसरी तार घालून सांधा मारला. तीस वर्षांत इतका चांगला सांधा त्याच्या हातून झाला नव्हता. बुधवारचा पूर्ण दिवस आणि गुरुवारची सकाळ तो त्या खड्ड्याच्या काठावरून हलला नाही.

तूट: शून्य.

---

*गुरुवार, दुपारी बारा. तातडीचा उतारा.*

*आले होते हे.*

*बाई, तुम्हाला दिसले? इथे, खुर्चीत बसले होते. काही बोलले नाहीत. नुसते हसत होते, डोळ्यांत पाणी.*

*मी हात लावायला गेले, तर खुर्ची रिकामी.*

*म्हणजे खरंच गेले. मला उगाच आशा होती.*

*बरं झालं, येऊन गेले. आता नाही रडणार मी.*

---

"एखादी तूट आपणच केली तर?" त्यानं फोनवर विचारलं. "आत्ता. मी कापतो तार."

यास्मिननं तासांचा हिशेब केला. "काका, तुम्ही मंगळवारी चारला उठलात. चाळीस तास आज सकाळी आठला झाले. ते पक्कं झालंय."

"मग मी परत बसतो. महिनाभर बसतो."

"बसा. पण त्यांना आता माहितीय तुम्ही काय आहात ते. परत दिसलात, तर परत आलात असं वाटेल त्यांना. आणि तार?"

तो घरात आला तेव्हा मंगल खाटेशेजारी उभी होती. शैलजाचा हात पुन्हा वर चालला होता, या वेळी चेहऱ्याकडे. वीस मिनिटांत हनुवटीपाशी. आणखी दहा मिनिटांत नाकाशी. तो कुठं चाललाय हे दोघांनाही कळलं. मंगल हात धरायला पुढं झाली.

"असू दे," प्रमोद म्हणाला.

पाऊण तासानं बोट कपाळावर टेकलं. टिकली सुटायला पुढची सात मिनिटं लागली. मग ती बोटाला चिकटून खाली येऊ लागली, आणि तिला चादरीपर्यंत यायला संध्याकाळ झाली. त्या सगळ्या वेळात प्रमोद खाटेच्या डोक्याकडे, तिला दिसणार नाही असा उभा होता.

सकाळी मंगलनं तिचं तोंड पुसलं, केस विंचरले आणि टिकल्यांचं पाकीट हातात घेऊन थांबली.

"दादा, लावू का?"

लावली तर ती पुन्हा काढणार होती. रोज. दर दोन मिनिटं चोवीस सेकंदांनी कुणीतरी तिच्या कपाळाला हात लावतंय आणि तिला ते पुसावं लागतंय, असं.

मीटरवर पाचव्या खड्ड्याचा आकडा सरकला. प्रमोदनं हेल्मेट घेतलं, दारात क्षणभर थांबला आणि निघाला. शैलजाची पापणी किंचित हलली, डोळ्यात काहीतरी गेल्यासारखी.