दुसरं हँडल

माजिवड्याच्या नव्या फ्लॅटमध्ये एक खोली जास्तीची होती. तिची गेम रूम करायची, हे महेंद्रने ताबा मिळायच्या आधीच ठरवलं होतं. भिंतींना गडद निळा रंग, मधोमध कॅरम आणि कोपऱ्यात पूर्वी व्हिडिओ पार्लरमध्ये असायचं तसं उभ्याने खेळायचं लाकडी मशीन. ते मशीन निवडायला तो आणि त्याची बायको रचना रविवारी दुपारी डोंबिवलीच्या एमआयडीसीतल्या एका गोदामात आले होते.

महेंद्रचा मोठा भाऊ रत्नदीप लहानपणी याच गावात, असल्याच एका मशीनपुढे खेळता खेळता गेला होता. पोराला फिट आली, असं पार्लरच्या शेठने पोलिसांना सांगितलं, आणि ते येण्याआधीच मशीन तिथून हलवलं होतं. 'माझ्या पोराला कधी फिट आली नाही, त्याचा तळहात भाजलाय,' असं आई, कांताबाई, ज्याला त्याला सांगत राहिली. चाळीतल्या बाईचं कोण ऐकणार? असली वस्तू घरात कशाला, असं रचनाने विचारलं, तेव्हा महेंद्र एवढंच म्हणाला होता, "दादाला आवडायची."

गोदाम विनीत नावाच्या तरुणाचं. जुनी मशीनं दुरुस्त करून तो विकायचा. पत्र्याखाली उकडत होतं. बाहेरच्या कारखान्यांचा आंबूस वास आत येऊन तापलेल्या प्लास्टिकच्या वासात मिसळला होता. दाराजवळ खुर्चीत एक म्हातारा बसून होता.

"माझे बाबा," विनीत म्हणाला. "पार्लर यांचंच होतं ना, तिथून सुरुवात. सर, ही गाडीवाली बघा, मॅडमना आवडेल."

रचना स्टिअरिंग फिरवून बघत होती. महेंद्र मात्र पुढे गेला आणि रांगेच्या टोकाला थांबला. तिथल्या मशीनचं एक बटण तुटलेलं होतं आणि त्या जागी सोड्याच्या बाटलीचं बूच ठोकलेलं होतं. ते बूच दादाने बसवलं होतं. घरी येऊन केवढ्या ऐटीत सांगितलं होतं त्याने.

महेंद्र वळला. आता त्याला म्हाताऱ्याचा चेहरा ओळखू आला. गाल बसले होते, केस गेले होते, पण पोलिसांशी हात जोडून बोलणारा माणूस तोच होता.

"पोपटशेठ," तो म्हणाला. "रत्नदीप आठवतो?"

म्हाताऱ्याने आधी विनीतकडे पाहिलं. मग म्हणाला, "त्या पोराला फिट यायची."

आई थकली, म्हातारी झाली, आणि हा माणूस तेच वाक्य अजून जपून बसला होता. महेंद्रने शेठचं मनगट धरलं आणि त्याला उठवून मशीनपर्यंत आणलं.

"महेंद्र, सोड, म्हातारे आहेत ते," रचना म्हणाली.

"फिट होती ना, शॉक नव्हता ना? मग हात लावा याला."

"सर, वायरिंग नवीन केलंय," विनीत मध्ये पडला. "करंट नाही येत. आणि हे बघा, प्लगच काढतो."

त्याने प्लग उपसून वर धरून दाखवला. त्याच क्षणी मशीनचा पडदा उजळला.

प्लग विनीतच्या हातात लोंबत होता आणि पडद्यावर दोन पहिलवान समोरासमोर उभे राहिले होते. डावीकडचं हँडल आपोआप हललं. डावा पहिलवान जागच्या जागी दोनदा उडाला आणि मग समोरच्यावर धावून गेला. दादा प्रत्येक डाव असाच सुरू करायचा.

"बंद कर…" शेठ पुटपुटला. "विनीत… बंद कर त्याला…"

"बोला," महेंद्र म्हणाला. त्याचा स्वतःचा आवाज त्यालाच परका वाटला. "त्याच्यासमोर बोला."

शेठने डाव्या हँडलवरची नजर काढली नाही. "झटका मारायची ती," तो म्हणाला. "पोरं सांगायची मला. धंद्याचे दिवस होते… मिस्त्री बोलवायचा राहिला. तो पोरगा चिकटला, तेव्हा मेन स्विच शोधेपर्यंत…" विनीत बापाकडे बघतच राहिला.

एवढी वर्षं जे ऐकायचं होतं, ते महेंद्रने ऐकलं. राग मात्र तसूभरही उतरला नाही. त्याच्यात फक्त रडू मिसळलं. दादा एकटाच खेळतोय, जोडीदाराची वाट बघतोय, असं त्याला वाटलं. "आलो रे दादा," म्हणत त्याने उजवीकडच्या हँडलला हात घातला.

हँडलवर आधीच कुणाचा तरी हात होता.

दिसत काहीच नव्हतं. पण त्याच्या तळव्याखाली बारीक, थंडगार बोटं होती. इवलीशी. त्यांनी त्याचा हात जोरात झटकून टाकला आणि उजवा पहिलवान उसळून पुढे आला.

महेंद्र मागे सरकला. रचनाने त्याचा दंड घट्ट धरला.

"शेठ," तो दबक्या आवाजात म्हणाला, "दुसरं कोण आहे इथे?"

"बाबा…" विनीत म्हणाला. "दुसरं कोण?"

एखाद्या पोराची उंची दाखवावी तसा पोपटशेठने कमरेच्या खाली आडवा हात धरला.

मग त्याने तो मागे घ्यायचा प्रयत्न केला. हात येईना. खांद्यापासून सगळा जोर लावून तो ओढत होता, आणि हाताची बोटं हवेतल्या हवेत एकमेकांवर दाबली जात पांढरी पडत चालली होती.

मशीनवरचं उजवीकडचं हँडल थांबलं होतं.