मेलेल्या माणसाचा अंगठा

"एक माणूस मेल्यानंतर बँकेतून पैसे काढून गेलाय," बँकेचे साहेब म्हणाले आणि त्यांनी खोकल्याची गोळी तोंडात टाकली.

समोरच्या बाईंच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. विमा कंपनीत खोटे दावे हुडकण्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली होती. आता तेच काम त्या स्वतंत्रपणे करत. त्यांची गाडी त्यांचे धाकटे दीर चालवत. दीर त्यांना वहिनी म्हणत, म्हणून येणारे जाणारे सगळेच वहिनी म्हणू लागले होते.

"नीट सांगा," वहिनी म्हणाल्या.

"चुनाभट्टीतला कामगार. छातीच्या दुखण्यानं गेला. नंतरच्या मंगळवारी त्याच्या खात्यातली सगळी शिल्लक निघाली. भट्टीच्या वस्तीत आमची एजंट आहे. नवऱ्याच्या शिवणाच्या दुकानात बँकेचं मशीन घेऊन बसते. गिऱ्हाइकानं मशीनवर अंगठा ठेवायचा, ओळख पटली की ती रोख देते. त्या दिवशी मशीननं त्याचा अंगठा ओळखला. आणि मशीन चुकत नाही."

"अंगठा कापून ठेवला असेल," दीर म्हणाले.

"भाऊजी, चहा निवतोय तुमचा." वहिनी साहेबांकडे वळल्या. "तक्रार कुणाची?"

"थोरल्या भावाची. एजंटनं पैसे खाल्ले म्हणतो. बँकेनं भरपाई द्यावी म्हणतो. वरून हुकूम आलाय, बाईला पोलिसांत द्या. मला मात्र खात्री करून घ्यायची आहे. त्या वस्तीत बँक मी नेली. एका दुपारी शिबिर घेऊन भट्टीतल्या झाडून सगळ्या कामगारांची खाती उघडली. एकही माणूस परत पाठवला नाही. मुख्य कार्यालयानं त्याबद्दल मला बक्षिसाची ढाल दिली."

"एका माणसाचा अंगठा दोन खात्यांना चालतो?"

"छे. मशीन दुसऱ्यांदा घेतच नाही."

"आणि घशाला काय झालं?"

"मंगळवारची बैठक. भागातल्या एजंटांना दिवसभर नवे नियम समजावतो. दर बुधवारी हीच गत."

वस्ती पांढरी होती. पत्रे, दोऱ्या, दोऱ्यांवरचे कपडे, कुत्री, सगळ्यांवर चुन्याची भुकटी. शिवणाच्या दुकानात एजंटबाई मशीन मांडीवर घेऊन बसली होती, जणू कुणी ते हिसकावून नेणार होतं.

"सकाळी माझा अंगठा लावला की हे उघडतं," तिनं सांगितलं. "संध्याकाळी मी बंद करते. मधे दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही, असा नियमच आहे."

"त्या मंगळवारी?"

"मी इथंच होते. सकाळपासून."

"पैसे कुणाला दिले?"

"गर्दी होती. आठवत नाही."

कोपऱ्यात तिचा नवरा, शिंपी, एका सदऱ्याची बाही जोडत होता. ती सरळ जोडलेली बाही त्यानं उसवली आणि पुन्हा जोडायला घेतली.

बाहेर आल्यावर दीर म्हणाले, "बाईनंच हात मारलाय. आठवत नाही म्हणे."

"खोटं बोलतेय हे खरं," वहिनी म्हणाल्या.

थोरला भाऊ भट्टीवरून नुकताच आला होता. त्यानं हात धुतले तरी पांढरेपणा गेला नव्हता.

"माझ्या भावाच्या कष्टाचे पैसे आहेत," तो म्हणाला. "बँकेनं जबाबदारी घ्यावी. मला एवढंच कळतं."

"तुमचं खातं आहे?"

"आहे की. शिबिरातलं."

"पैसे काढायला अडचण येत नाही?"

"मला कुठं वेळ? घरची जाते, घेऊन येते."

दीरांनी त्याचं म्हणणं लिहून घेतलं होतं. त्याला सही येत नव्हती, म्हणून शाईची डबी पुढे केली. कागदावर निळा गोळा उमटला, नुसता गोळा.

"शाई जास्त झाली," दीर म्हणाले.

"दुसरा घ्या."

दुसराही तसाच आला. वहिनींनी दोन्ही कागद ठेवून घेतले.

गेलेल्या धाकट्याची खोली दोन दारं पलीकडे होती. त्याची बायको दारातच बसून मुलीचे केस विंचरत होती. आत त्याची आई कणीक मळत होती.

"मला कोण विचारतं?" बायको म्हणाली. "माझं लग्न शिबिरानंतरचं. माझं वेगळं खातं आहे, त्यात काही नाही. त्यांच्या खात्याचं ते आणि सासूबाई बघायचे. दोघं बरोबरच जायचे दुकानात. मी हसायचे, एवढ्या मोठ्या माणसाला आई कशाला लागते म्हणून."

"आता कसं करणार?"

"थोरले दीर आणि जाऊ म्हणतात, माहेरी जा. खोली कामगारालाच देतात, खोलीमालक काढणारच. पण मालक अजून आला नाही. उलट मागच्या आठवड्यात माणूस पाठवून पत्रे बदलून दिले. इतका कडक माणूस, काय झालं कळत नाही."

सासूनं पाण्याचा पेला आणून दिला. कणकेला तेल लावताना उठली होती, हाताला तेलाचा ओशटपणा होता. वहिनी पाणी प्यायल्या आणि त्यांनी पेला उजेडात धरला. त्यावर अंगठ्याच्या रेघा स्वच्छ उमटल्या होत्या.

"आजी, तुम्ही भट्टीत कधी काम केलं?"

"तिथं बायकांना घेत नाहीत."

"आणि तुमचं खातं?"

"नाही बाई. उघडायला गेले होते एकदा. मशीननं घेतलं नाही मला."

"वयानं अंगठा झिजला असेल," दीर हळहळले.

वहिनींनी पेला खाली ठेवला. परतताना त्यांनी वाटेत खोलीमालकाकडे गाडी थांबवायला सांगितली आणि दोनच मिनिटांत बाहेर आल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी शिवणाच्या दुकानात सगळे जमले. साहेब खुर्चीवर, बाकीचे कापडाच्या गठ्ठ्यांवर. आजी उभीच राहिली.

"साहेब," वहिनींनी सुरुवात केली, "मशीन चुकत नाही, हे तुमचं म्हणणं मी धरून चालले. मशीननं ओळखीच्याच अंगठ्याला पैसे दिले. म्हणजे तो अंगठा जिवंत माणसाचा होता."

"पण खातं तर..."

"हे बघा." त्यांनी थोरल्याचे दोन कागद पुढे ठेवले. "चुना कातडी खातो. भट्टीत काही वर्षं काढली की अंगठ्याला रेघ उरत नाही. तुमच्या शिबिरात असे सगळे कामगार रांगेत होते, आणि तुम्ही म्हणता एकही परत गेला नाही. मग मशीननं त्यांचे अंगठे घेतले कसे?"

साहेबांनी गोळी दुसऱ्या गालात सारली.

"घेतलेच नाहीत. तुमच्या माणसांनी मागे उभ्या असलेल्या बाईचा अंगठा घेतला. नाव नवऱ्याचं, अंगठा बायकोचा. म्हणून थोरल्याचे पैसे त्याची बायको आणते. धाकट्याचं तेव्हा लग्न झालं नव्हतं. त्याच्या मागे कोण उभं होतं?"

कुणी आजीकडे बघितलं नाही. आजीच म्हणाली, "मी."

"आणि एक अंगठा एकाच खात्याला. म्हणून नंतर आजी स्वतःचं खातं उघडायला गेल्या, तर मशीननं घेतलं नाही. झिजलेला अंगठा पेल्यावर इतका स्वच्छ उठत नाही, भाऊजी."

दीरांनी खाली बघितलं.

"पण एजंटनं आजीला पैसे दिलेच कसे?" साहेब म्हणाले. "माणूस गेल्याचं हिला ठाऊक होतं."

"ती नव्हतीच. त्या मंगळवारी ती तुमच्या बैठकीत होती. सकाळी अंगठा लावून मशीन उघडलं आणि गेली. मागे मशीनवर तिचा नवरा होता. आजी नेहमी अंगठा लावतात हे त्यानं बघितलेलं. गेलेल्याचं खातं थांबवायचं असतं, हा नियम त्याला कुठला ठाऊक? मशीन हो म्हणालं, त्यानं पैसे दिले."

"गिऱ्हाइकं परत पाठवायची कशी?" शिंपी पुटपुटला. "बायाबापड्या येतात लांबून."

"हे सांगितलं असतं तर मशीन गेलं असतं," एजंटबाई म्हणाली. "म्हणून मी इथंच होते म्हणाले."

थोरला उठला. "म्हणजे आईनं? मला काय माहीत?"

"तुम्हाला माहीत होतं," वहिनी शांतपणे म्हणाल्या. "तुमचं स्वतःचं खातं तसंच चालतं. पण आईचं नाव घेतलं असतं तर भरपाई मागणार कुणाकडे? त्यापेक्षा एजंटबाई तुरुंगात गेलेली बरी."

तो बसला नाही. दाराशी गेला, तिथं थबकला आणि मग भट्टीच्या दिशेनं निघून गेला.

"पैसे कुठे आहेत?" साहेबांनी विचारलं.

"खोलीमालकाकडे. पुढच्या भाड्यापोटी भरलेत, पावती सुनेच्या नावावर. कडक माणूस फुकट पत्रे बदलत नाही."

धाकट्याची बायको सासूकडे बघत राहिली. "मला बोललात का नाही?"

"तू थोरल्याला सांगितलं असतंस," आजी म्हणाली. "तुझ्या तोंडात काही राहत नाही. आणि लोक म्हणाले, माणूस गेला की पैसे बँक ठेवून घेते. माझ्या लेकराचा श्वास गेला त्या भट्टीत. त्याचं घर तरी राहू दे म्हटलं."

शिवणयंत्राचं चाक शिंप्याच्या पायानं अर्धं फिरलं आणि थांबलं.

"गेलेल्याचे वारस आई आणि बायको," वहिनी म्हणाल्या. "एकीनं पैसे काढले, दुसरीच्या डोक्यावरच्या छपराला लावले. रीत चुकली. चोरी कुणाची झाली ते तुम्ही ठरवा. मात्र अहवालात एजंटबाई आणायच्या असतील तर शिबिरही आणावं लागेल."

साहेबांनी तोंडातली गोळी चावून टाकली. मग घसा खाकरून म्हणाले, "शिबिरापासून सुरू करतो. ढाल मागतील परत. मागू देत." ते उठले आणि आजीसमोर गेले. आवाज फाटका होता, पण पहिल्यांदाच तो शिकवण्याचा नव्हता. "आजी, तुमच्या नावानं खातं उघडून देऊ?"

आजीनं उजवा हात पदराला पुसला आणि अंगठ्याकडे निरखून बघितलं.

"उघडा," ती म्हणाली. "पण आधी लेकाच्या खात्यातून हा सोडवून द्या."