गोंगच्या गाडीतली हवा

एसी थंड करत नाही म्हणून जी गाडी येते, तिचं दुखणं बहुधा साधं असतं. गॅस गळालेला असतो, नाहीतर पुढच्या कंडेन्सरमध्ये किडे आणि चिखल बसून तो गच्च झालेला असतो. आमच्या तुंगकांग गावात समुद्राच्या खाऱ्या वाऱ्याने नळ्या सडतात, ते एक आणखी. बंदराच्या रस्त्यावर मी बरीच वर्षं हेच काम करतोय. त्यामुळे गोंग माओ-शेंग आपली पांढरी गाडी घेऊन आला, तेव्हा जेवणाआधी परत देतो, असं मी सहज बोलून गेलो.

माओ-शेंग बंदरावर ट्यूना माशांची दलाली करायचा. आमच्याच गल्लीत वाढलेला, माझ्याहून बराच लहान. त्याच्या शर्टाची पाठ घामाने काळी झाली होती.

"येनदादा, ही गाडी आहे की मोमो वाफवायची टोपली?" तो म्हणाला. "वारा येतोय, भरपूर येतोय. पण तोंडासमोर तोंड आणून कुणी श्वास सोडतंय असं वाटतं. शी!"

"गॅस गेला असेल. बस तू, सुपारी खा."

गॅस गेला नव्हता. दाबाची घड्याळं लावली, निळा आणि तांबडा दोन्ही काटे जागच्या जागी. कॉम्प्रेसर टक्‌ करून नीट लागत होता. कंडेन्सर स्वच्छ, त्याचा पंखा जोरात. आत जाणारी नळी इतकी गार की तिच्यावर पाण्याचे थेंब साचले होते. म्हणजे थंडावा गाडीच्या आत जात होता. मी लांब दांडीची तापमापी डॅशबोर्डच्या जाळीत खुपसली. धडधाकट गाडीत ती पाच-सहा अंशांवर येते. इथे साडेछत्तीसवर थांबली.

मग मी हीटरवर संशय घेतला. इंजिनाचं गरम पाणी आत नेणाऱ्या दोन्ही नळ्या चिमट्यांनी आवळून बंद केल्या. साडेछत्तीस. गरम आणि थंड हवा मिसळणारी झडप काढून पाहिली, ठीक होती. नवा फिल्टर घातला. साडेछत्तीस. गाडी रात्रभर ठेवून घेतली आणि सकाळी, इंजिन गार असताना, बाहेर बरं वाटावं इतका गारवा असताना, नुसता पंखा लावला. बाहेरची हवा सत्तावीस. आतून येणारी साडेछत्तीस.

आणखी एक गोष्ट होती. ती मी माओ-शेंगला लगेच सांगितली नाही. जाळीसमोर मी टिश्यू पेपरची पट्टी धरली होती, हवेचा जोर बघायला. पट्टी उडायची, हळूच खाली यायची, पुन्हा उडायची. पंख्याची मोटर एका चालीत फिरत होती. मी कान लावून ऐकलं, वीज मोजली. मोटरीत काही चढउतार नव्हता. हवेत होता. आणि त्या हवेला वास होता, नवा फिल्टर घालूनही. कापराच्या तेलाचा, आणि त्याखाली बंद खोलीचा गोडसर, आंबूस वास. अंथरुणाला खिळलेलं माणूस ज्यांच्या घरी होतं, त्यांना तो ओळखू येईल.

"गाडीत कुणी आजारी माणूस बसलं होतं का रे?" माओ-शेंग आल्यावर मी विचारलं.

"म्हातारी बसली होती की. शुश्रूषागृहात टाकायला नेली तेव्हा." तो हसला. "तिला एसी सोसायचा नाही. बंद कर, माझी हाडं दुखतात, बंद कर, एकच रड. मी काय केलं सांगू? सगळ्या जाळ्या तिच्याकडे वळवल्या आणि फुल सोडला. तिथं पोचेपर्यंत हूं नाही की चूं नाही. ओठ निळे करून बसली होती."

त्याच्या आईला, गोंगमावशीला, मी लहानपणापासून ओळखत होतो. धक्क्यावर मासे साफ करून तिने दोन पोरं वाढवली. आता अर्धं अंग गेलं होतं, वाचा गेली होती, नाकातून नळीने जेवत होती. मुलगी सू-चिन स्कूटरवरून रोज जायची, तिचं अंग पुसायची. माओ-शेंग जात नसे.

"पुसून घे आतून एकदा नीट," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार? गाडी तशीच परत दिली.

काही दिवसांनी तो पुन्हा आला, भर दुपारी, हॉर्न वाजवत.

"दादा, काय करून ठेवलंस? आधी कोमट होती, आता चटका बसतोय!"

मी तापमापी लावली. एकोणचाळीस पूर्णांक सहा. पट्टी धरली तर ती भराभर उडत होती, पडत होती. मी पुन्हा दाबाची घड्याळं काढतोय तोवर त्याचा फोन वाजला. हात सुपारीने माखलेले, म्हणून त्याने स्पीकर लावून फोन सीटवर टाकला. सू-चिन होती.

"आईला ताप चढलाय. छातीत कफ भरलाय. एकोणचाळीस पूर्णांक सहा आहे. इथल्या बाई म्हणतात लगेच इस्पितळात न्या. तुझी परवानगी पाहिजे म्हणतात, तू मुलगा ना. ये लवकर, गाडी घेऊन ये."

मी तापमापीकडे बघत होतो. माओ-शेंगने माझ्या नजरेच्या रोखाने पाहिलं. आकडा वाचला. त्याचं चघळणं थांबलं.

"किती म्हणालीस?" त्याने विचारलं.

"एकोणचाळीस सहा. आता चाळीस होतोय बघ."

जाळीतल्या तापमापीवर चाळीस उमटले होते.

फोनवर सू-चिन हॅलो, हॅलो करत राहिली. माओ-शेंग खाली वाकला. जाळीपाशी नाक नेऊन त्याने वास घेतला. मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं. तो घाबरला असता तर मला बरं वाटलं असतं. त्याच्या चेहऱ्यावर सौदा जमल्यावर यायचा तसा उजेड आला होता.

"ताई," तो फोनमध्ये म्हणाला, "इस्पितळ वगैरे नको. तिथं नेऊन नळ्या खुपसतील आणि महिना काढतील. राहू दे तिथंच. त्यांना सांग, मुलगा नाही म्हणतो."

"अरे, श्वास लागलाय तिला! निदान तू ये. ती दाराकडे बघतेय सारखी."

"निघालोच. रस्त्यात आहे."

त्याने फोन बंद केला आणि ड्रायव्हरच्या सीटवर ऐसपैस बसला.

"जा रे बाबा," मी म्हटलं. "दहा मिनिटांचा रस्ता आहे."

"दादा, ती गेली की ही थंड होईल?"

"मला काय माहीत! मी गाड्या दुरुस्त करतो. ऊठ, जा. हवं तर माझी स्कूटर घे."

"बघू या की."

तो खरंच बघत बसला. समोरच्या खानावळीतून त्याने डबा मागवला, भात आणि वर शिजवलेलं डुकराचं मांस, आणि स्टिअरिंगवर ठेवून जेवला. इंजिन चालू होतं. मी दुसऱ्या गाडीखाली शिरलो, पण लक्ष लागेना. मधेच तो हाका मारून आकडा सांगायचा, मॅचचा स्कोअर सांगावा तसा. "चाळीस चार!" "एक्केचाळीस झाले, दादा! धावतेय म्हातारी!" फोन वाजत होता, तो उचलत नव्हता.

मी गाडीखालून बाहेर आलो, हात पुसले आणि किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. पंखा थांबला. जाळीतून हवा येतच राहिली. उडत, पडत. त्या शांततेत तिचा आवाज ऐकू येत होता, घरघर लागल्यासारखा. माओ-शेंगने काडीने दात कोरत माझ्याकडे पाहिलं आणि किल्ली पुन्हा फिरवली.

उन्हं कलायच्या आत ते झालं. मी टिश्यूची पट्टी जाळीला चिकटवून ठेवली होती. ती उडाली, पडली. बऱ्याच वेळाने पुन्हा उडाली. पडली. मग पडूनच राहिली. पंखा जोरात फिरत होता आणि ती कागदाची पट्टी सरळ लोंबत होती, जराही न हलता.

फोन वाजला. या वेळी त्याने घेतला. "अरेरे," तो म्हणाला. "अरेरे. ट्रॅफिकमध्ये अडकलो गं, ताई."

शुश्रूषागृहातून गोंगमावशीला शवागाराच्या शीतपेटीत ठेवलं. पंचांगात दहनासाठी चांगला दिवस जरा लांबचा निघाला. दुसऱ्या दिवशी सकाळीच माओ-शेंग बंदराकडे जाताना माझ्या दारात थांबला, काच खाली करून त्याने माझा हात ओढून जाळीपुढे धरला. बोटं बधिर झाली.

"चार अंश! बर्फ नुसता. नवी गाडीसुद्धा अशी नसते. तू कशाला हात लावू नकोस आता."

"माओ-शेंग, विकून टाक ही गाडी."

"का? आता कुठे सुधारलीय."

त्या दिवसांत तो सगळ्यांना गाडीत बसवून फिरवायचा. बाजारातली माणसं कौतुक करायची. मी मात्र शवागारातल्या पेट्या किती अंशांवर ठेवतात, हे एकाला सहज बोलल्यासारखं विचारून घेतलं. चार, तो म्हणाला. विचारलं नसतं तर बरं झालं असतं. आणि मग पुढचा विचार आपोआप मनात आला, कारण पंचांगातला तो दिवस गल्लीत सर्वांना कळवलेला होता.

आदल्या संध्याकाळी मी त्याच्या घरी गेलो. सू-चिन अंगणात बसून आईसोबत जाळायची कागदी कमळं दुमडत होती. तिचे डोळे सुजले होते.

"उद्या दहनाला ती गाडी नेऊ नकोस," मी माओ-शेंगला म्हटलं. "माझ्या व्हॅनमधून चल. आणि नेलीस तर आत बसू नकोस. ऐक माझं."

"तुझ्या त्या डब्यातून? या उकाड्यात?" तो हसला. "दादा, म्हातारा झालास तू. गाडीला कसली आई नि कसला बाप?"

मी का ते सांगितलं नाही. ते शब्द तोंडात धरवतही नव्हते.

दहनभूमीचं आवार सिमेंटचं होतं आणि उन्हाने तव्यासारखं तापलं होतं. माणसं फार नव्हती. पेटी आत सरकवतात तेव्हा पोटच्या पोरांनी मोठ्याने ओरडायचं असतं. आई, आग आली, पळ. म्हणजे जीव देहातून वेळेवर निघतो, त्याला झळ लागत नाही. पुजाऱ्याने घंटी वाजवून माओ-शेंगला पुढे बोलावलं. शोकाचा जाड झगा त्याने आधीच काढून खांद्यावर टाकला होता.

"ताई, तू ओरड," तो म्हणाला. "तुझा आवाज मोठा. लहानपणी मला हाका मारून मारून तयार झालाय."

"अरे, तू मुलगा आहेस तिचा."

"म्हणून काय उन्हात मरू?"

तो आवार ओलांडून गाडीकडे गेला. वडाच्या सावलीत उभी होती ती. इंजिन सुरू झालं, काचा वर गेल्या.

सू-चिन एकटीच ओरडली. "आई, आग आली! पळ!"

लोखंडी दार खाली आलं.

"आई, पळ! आई, पळ गं!"

बाकीचे दाराकडे बघून रडत होते. मी गाडीकडे बघत होतो. माओ-शेंग फोन चाळत होता. मग त्याने फोन खाली ठेवला. हात पुढे करून जाळी स्वतःच्या तोंडाकडे वळवली, जास्त वारा यावा म्हणून.

मी चालू लागलो. धावलो नाही. का नाही, ते मला आजही सांगता येत नाही.

त्याने दोन्ही हात वर उचलले. तोंडासमोर धरले. तोंड उघडलं होतं, पण बाहेर आवाज आला नाही.

काचांवर बाहेरून दव साचलं. चेहरा दिसेनासा झाला.

दाराला हात लावला. दांडी गार होती. कुलूप नव्हतं. दार पहिल्याच ओढीला उघडलं.

आतून गार हवेचा लोट माझ्या पायांवर आला.

माओ-शेंग बसलेला होता. ओठ वाळलेल्या चिखलासारखे तडकले होते. पापण्यांना केस उरले नव्हते. शर्टाला कुठे डाग नव्हता, घामाचाही नाही. इस्पितळात डॉक्टरांनी उष्माघाताने गेला म्हटलं. शरीराचं तापमान त्यांच्या तापमापीच्या शेवटच्या रेघेपलीकडे होतं, आणि बंद गाडीत उन्हाळ्यात असं होतं, असं त्यांनी सू-चिनला समजावून सांगितलं.

पण दार मी उघडलं होतं. गाडीकडे जाताना फाटकावरच्या टपरीवरून त्याने कोहळ्याचा गोड चहा घेतला होता. तो पेला त्याच्या गुडघ्याशेजारी होता, काठोकाठ भरलेला, आणि त्यातल्या बर्फाच्या खड्यांचे कोपरेही अजून झिजले नव्हते.